लिटरला दोन ग्रॅम

घणसोली, चौथा मजला.
खिडकीच्या जाळीत अकरा कुंड्या,
त्यातला कढीपत्ता पिवळा पडत चाललाय.
शिरा हिरव्या, मधली जागा फिकट,
विटलेल्या ब्लाउजचं अस्तर दिसावं तशी.

माझ्याकडे बरणीत निळसर खडे आहेत,
एकोणीस एकोणीस एकोणीस.
लिटरला दोन ग्रॅम.
बावीस वर्षं तुर्भ्याच्या प्रयोगशाळेत
ब्युरेटमधून थेंब मोजत उभी राहिले,
दोनाचे अडीच कधी होऊ दिले नाहीत.

आणि मला माहीत आहे,
मूळ काही विचारत नाही.
शेणातून आलेलं नायट्रेट, गोणीतून आलेलं नायट्रेट,
कुणाच्याच अंगावर गावाचं नाव नसतं.
भाच्यालाही हेच सांगते. तो
मॉलमधून चारशे रुपयांचं गांडूळखत आणतो
आणि पाकिटावरच्या गाईकडे बघून हळवा होतो.

समोरच्या दारात चांगुणाबाई मढवी.
त्यांचा रंगाचा जुना डबा, वीस लिटरचा,
त्यात कांद्याची सालं, चहाचा चोथा, सुकटीची डोकी,
वर एक फरशी, मांजरासाठी.
सेक्रेटरीने वासाबद्दल दोनदा नोटीस लावली.
दोन्ही नोटिसा फाडून त्यांनी डब्यात टाकल्या,
कागद बरा कुजतो म्हणाल्या.
मांदेली धुतलेलं पाणी त्या वांग्याला घालतात,
थर्माकोलच्या खोक्यातल्या वांग्याला,
आणि ते वांगं, खोटं कशाला बोलू,
माझ्या सगळ्या अकरा कुंड्यांच्या वरताण.

"झाराला सलाईन लावलंस कं गो?"
बरणी पाहून त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, तुमचं पाणी तरी कुठे मोजलेलं असतं?
उत्तर न देता त्या कुंडीशी वाकल्या,
काठावरचं पांढरं पुट नखाने खरवडलं
आणि जिभेवर ठेवलं.
माझ्यातली प्रयोगशाळा किंचाळली.
"खारं," त्या म्हणाल्या. "ही चव मना ठाव हाय."

खाजणात वाढलेली बाई.
बांध फुटून भरतीचं पाणी आत शिरलं
की भात असंच पिवळं पडायचं,
मग पावसाने शेत धुऊन निघेपर्यंत
दोन वर्षं, कधी तीन.
"गोरं पानी सोर. खालून भायेर येउंदे. मंग बग."

मी बादल्या ओतत राहिले.
खालच्या भोकातून आधी तपकिरी, मग निवळ
माझेच दोन-दोन ग्रॅम वाहत गेले.

विचारलं, तुमच्या शेतात गोणीतलं खत कधीच नाही?
घातलं की! सासऱ्यांनी ठाण्याहून दोन गोण्या आणल्या.
पहिल्या वर्षी भात छातीला लागलं.
दुसऱ्या वर्षी वाऱ्यात आडवं झालं.
तिसऱ्या वर्षी बरं म्हणायचं.
आणि चौथ्या?
चौथ्या वर्षी मोजणीवाले आले.
त्या शेतावर आता रिक्षास्टँड आहे, एक केकचं दुकान आहे,
आणि साडेबारा टक्क्यांत आमची ही इमारत.

मग मी वही घातली.
मिरचीच्या दोन कुंड्या, अ आणि ब.
अला खडे, बला डब्यातलं काळं.
नवव्या दिवशी मी दातांच्या डॉक्टरकडे गेले
तेवढ्यात चांगुणाबाईंनी दोन्हींना मासळीचं पाणी घातलं,
अ एकटीच उपाशी दिसली म्हणे.
प्रयोग बाद.
फुटवा दोन्हींना आला.
निष्कर्षाच्या रकान्यात
मांदेलीचा एक खवला वाळून चिकटलाय,
मी काढला नाही.

हल्ली मासळीचं पाणीही मी मोजून घालते,
एकास चार, अर्धा पेला.
चांगुणाबाई हसतात,
पण पेला भरेपर्यंत थांबतात.
कढीपत्त्याच्या शेंड्यावर दोन पानं हिरवी आहेत,
तिसऱ्याचं सांगता येत नाही.
त्याला माझ्याकडे येऊन
येत्या मार्चात चौथं वर्ष लागेल.